‘तोंडाला वास येतो’ हे सांगायला मला दहा महिने लागले

15 जानेवारी 2024, संक्रांत. हळदीकुंकू आटोपलं, बायका गेल्या आणि माझी धाकटी बहीण आवराआवरी करायला मागे थांबली. वाटीतले उरलेले तिळगूळ डब्यात भरता भरता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “ताई, एक सांगू? रागावणार नाहीस ना? तुझ्या तोंडाला वास येतो. बरेच दिवस झाले.”

मी रागावले नाही. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मी सिन्नरला घरीच आठवी-नववीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. मूल अडलं की त्याच्या वहीवर वाकून गणित सोडवून दाखवायचं, ही माझी पहिल्यापासूनची पद्धत. गेल्या वर्षभरात मुलं वही माझ्याकडे सरकवून दोन पावलं मागे उभी राहायला लागली होती. मला वाटायचं, वाढती वयं आहेत, लाजतात. त्या रात्री एकेका मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे येत राहिला. सकाळी यांना विचारलं. हे म्हणाले, “मला वाटलं ॲसिडिटी असेल तुला. बोलून उगाच तुला वाईट वाटायचं.”

आपला वास आपल्याला कळत नाही, कारण नाकाला त्याची सवय होऊन जाते. मनगटाला जीभ लावायची, दहा सेकंद वाळू द्यायचं आणि मग हुंगायचं, असा एक उपाय मी करून पाहिला. कधी काही कळायचं, कधी नाही. त्यापेक्षा विश्वासातल्या माणसाला सरळ विचारावं. माझ्या बहिणीने ते न विचारता सांगितलं, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत.

पुढचे चार-पाच महिने मी काय केलं ते थोडक्यात सांगते. लवंग, वेलची, बडीशेप, ओवा. रात्री त्रिफळा चूर्ण. सकाळी तिळाच्या तेलाच्या गुळण्या. महिन्याला दीडशे रुपयांची निळ्या पाण्याची बाटली. प्रत्येक गोष्टीने अर्धा-पाऊण तास बरं वाटायचं, कारण एका वासावर दुसरा वास बसायचा. शिकवणीच्या आधी मी इतक्यांदा चूळ भरायचे, की मुलगी म्हणाली, “आई, तुला बरं नाही का?”

ब्रश करताना माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं. कधीपासून, तेही आठवत नाही. माझी आई म्हणायची, आपल्या घरातल्या हिरड्याच नाजूक, जपून घास. म्हणून जिथे रक्त यायचं तिथे मी ब्रश हळूच फिरवायचे किंवा फिरवायचेच नाही. आईचे दात पन्नाशीतच एकेक करून हलून पडले. आम्ही सगळ्यांनी ते वयावर ढकललं. वास आणि रक्त यांचा काही संबंध असेल, असा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही.

जून 2024 मध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, गावातल्या एका दातांच्या दवाखान्यात गेले. तिथे बाकावर ओळखीच्या दोघी बसलेल्या. डॉक्टरांनी विचारलं, “काय होतंय?” आणि मी म्हटलं, “दात पिवळे दिसतात, साफ करून द्या.” खरं कारण ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. डॉक्टरांनी मशिन लावून पंचवीस मिनिटांत दात स्वच्छ करून दिले, 1200 रुपये घेतले. दात छान दिसायला लागले. महिनाभर वासही कमी वाटला. ऑगस्टमध्ये राखीला बहीण आली तेव्हा मी तिला विचारलं. ती जरा थांबून म्हणाली, “आहे अजून.”

त्या डॉक्टरांना मी पूर्ण दोष देत नाही. मी जे मागितलं ते त्यांनी केलं. पण हिरड्यांतून रक्त येतं का, असं एकदा विचारलं असतं, हिरड्या मोजून पाहिल्या असत्या, तर माझे पाच महिने वाचले असते. आणि मी खरं सांगितलं असतं तरीही वाचले असते.

आता नक्की पोटाचंच, असं धरून सप्टेंबरमध्ये एका फिजिशियनकडे गेले. चार आठवडे सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी. जळजळ थांबली, वास तसाच. दुसऱ्या भेटीत त्यांना धीर करून सांगितलं, की गोळ्या खरं तर मी वासासाठी घेतेय. ते म्हणाले, “मग हे आधी सांगायचं होतं. अशा दहा जणांतल्या आठ-नऊ जणांचा वास तोंडातूनच येतो. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, पोटातला वास सारखा वर येत नाही. दातांच्या डॉक्टरांकडे परत जा आणि या वेळी हिरड्या तपासायला सांगा.”

दिवाळी झाल्यावर, 18 नोव्हेंबर 2024 ला, सोमवारी नाशिकच्या एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले. खासगी दवाखान्यांत फोन करून विचारलं होतं, हिरड्यांच्या पूर्ण उपचारांचे सहा ते दहा हजार सांगितले. महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर उपचार करतात, वर शिक्षक डॉक्टर तपासतात, त्यामुळे खर्च कमी येतो. वेळ मात्र भरपूर लागतो, तो हाताशी ठेवूनच जावं. सकाळी सातची एसटी धरली, बायकांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे येण्याजाण्याचा भार वाटला नाही. नोंदणीची खिडकी नऊला उघडते. साडेआठला माझ्या पुढे चाळीस माणसं होती. सोमवारी गर्दी जास्त असते, जमलं तर मधला वार धरा. आधार कार्ड, चालू गोळ्यांची नावं किंवा रिकामी पाकिटं, दातांचे जुने एक्स-रे असतील तर ते, आणि पाण्याची बाटली एवढं बरोबर असू द्या. केस पेपरचे 20 रुपये.

आधी सगळ्यांना तोंडाच्या तपासणीच्या विभागात पाठवतात. तिथे माझा नंबर पावणेअकराला आला. समोर विशी-बाविशीची मुलगी, पांढरा कोट, हातात पेन. “काकू, काय त्रास होतोय?”

शेजारच्या खुर्चीत एक आजोबा होते, मागे रांग होती. मी तिच्याकडे थोडं वाकले, मग वास जाईल म्हणून परत मागे झाले आणि म्हणाले, “तोंडाला वास येतो.”

तिने मानही वर केली नाही. केस पेपरवर लिहिता लिहिता तिने विचारलं, “किती महिने झाले?” जसं कुणी दाढदुखीबद्दल विचारेल, अगदी तसं. माझे डोळे भरून आले. तिने कागदी रुमाल पुढे केला आणि म्हणाली, “काकू, रोज येतात पेशंट यासाठी.”

मग प्रश्नांवर प्रश्न. रक्त येतं का? दात हलतो का? तोंड कोरडं पडतं का? रात्री तोंड उघडं ठेवून झोपता का? तंबाखू, मिश्री? नाक चोंदतं का, घशातून पांढरे खडे पडतात का? ॲलर्जीच्या, बीपीच्या गोळ्या चालू आहेत का? घरात कुणाला साखर? मी सर्दीसाठी जवळजवळ रोज ॲलर्जीची गोळी घ्यायचे. तिने त्याखाली रेघ मारली. काही गोळ्यांनी लाळ कमी होते, आणि लाळ तोंड धुवत असते, ती कमी झाली की वास वाढतो. उपवासाला खाणं नसलं की लाळ आणखी कमी, म्हणून त्या दिवशी मला जास्त त्रास व्हायचा, ते तेव्हा समजलं. वडिलांना मधुमेह होता, तेही लिहून घेतलं.

पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, 300 रुपये. तो घेऊन तिसऱ्या मजल्यावर हिरड्यांच्या विभागात. तिथल्या वरिष्ठ मॅडमनी एक्स-रे दिव्यावर धरला आणि मागच्या दाढांच्या मधलं हाड पेनाने दाखवलं. जिथे ते दातांच्या मानेपर्यंत हवं, तिथे खाली उतरलेलं होतं. वासाच्या तपासणीसाठी त्याच आठवड्यातली पुढची तारीख दिली. सूचना अशा होत्या: आदल्या दिवसापासून कांदा-लसूण नाही, माउथवॉश नाही, सकाळी ब्रश, चहा, खाणं काही नाही, अत्तर-पावडर लावायची नाही. ब्रश न करता एसटीत बसणं मला फार जड गेलं. तोंडावर पदर धरून बसले होते.

त्या दिवसाचं जरा सविस्तर सांगते, कारण याचीच मला सगळ्यात जास्त भीती होती. डॉक्टरांनी तोंड मिटून नाकाने श्वास सोडायला सांगितला आणि जवळ येऊन हुंगला. मग नाक बंद, तोंडाने. नाकाच्या श्वासाला वास नव्हता, तोंडाच्या होता. म्हणजे सायनस वगैरे बाजूला पडलं. मग जिभेच्या अगदी मागच्या भागावरून प्लास्टिकचा छोटा चमचा ओढला. शेवटी दातांमधून बारीक दोरा. उजवीकडच्या खालच्या शेवटच्या दोन दाढांमधून तो दोरा बाहेर काढल्यावर त्या म्हणाल्या, “ताई, तुम्हीच बघा.” पिवळसर-लाल झालेला दोन बोटं दोरा होता. नाकाजवळ नेला आणि मान झटक्यात मागे गेली. नासलेल्या अंड्याचा वास. इतके दिवस जो वास इतरांना येत होता आणि मला येत नव्हता, तो त्या दिवशी मला पहिल्यांदा कळला. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. शत्रू कुठे लपलाय ते दिसलं होतं.

मग मोजणी. टोकाला मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद घालतात. प्रत्येक दाताला सहा जागी. माझे दात 28, म्हणजे 168 आकडे. एक जण आकडे सांगत होती, दुसरी लिहीत होती. “दोन, तीन, दोन. तीन, दोन, तीन.” तीनपर्यंत ठीक असतं, हे मला आधीच सांगितलं होतं. मागे पोचल्यावर आवाज बदलला नाही, आकडे बदलले. “पाच, चार, सहा. सहा, पाच, सात.” गणित शिकवणारी मी, खुर्चीत आडवी पडून सात किती वेळा आले ते मोजत होते. चार वेळा आले. दुखत नव्हतं, टोचल्यासारखं व्हायचं एवढंच.

मॅडमनी समजावलं ते माझ्या शब्दांत. दातांवर रोज चिकट थर बसतो. नीट निघाला नाही तर तो दगडासारखा कडक होतो. हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि तिथे खिसा तयार होतो. त्या खोल खिशात हवा पोचत नाही, ब्रश पोचत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू तिथे रक्त आणि मेलेल्या पेशी कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात. तोच हा वास. जिभेच्या मागच्या भागावरही हेच चालतं. हाच आपल्याकडचा पायरिया. जूनमध्ये साफ झालं ते हिरडीच्या वरचं, खिशातलं आतच राहिलं. आणि रक्त येतं म्हणून ब्रश टाळणं अगदी उलटं, कारण जिथे रक्त येतं तिथेच थर साचलेला असतो.

मी विचारलं, “किती दिवस वाट पाहून डॉक्टरांकडे यायला हवं होतं?” त्या म्हणाल्या, सकाळी उठल्यावरचा किंवा लसणाच्या चटणीनंतरचा वास सगळ्यांनाच असतो, तो धुतला की जातो. पण दोन वेळा ब्रश आणि जीभ नीट साफ करूनही दोन-तीन आठवडे वास टिकला तर यायचं. हिरड्यांतून रक्त, पू, हलणारा दात असेल तर तेवढीही वाट बघायची नाही. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, त्यातही तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर लगेच. दात-हिरड्या निर्दोष निघाल्या तर मग कान-नाक-घशाचे डॉक्टर, टॉन्सिलमध्ये खडे अडकतात. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास आणि स्राव येत असेल, तर आत मणी किंवा शेंगदाणा अडकलाय का बघायचं. आणि मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोड वास, सोबत उलट्या आणि धाप असेल तर दातांचा दवाखाना नाही, त्याच क्षणी मोठं हॉस्पिटल.

रक्ततपासण्या सांगितल्या, 450 रुपये. त्यात तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 6.3 आला. मधुमेह नाही, पण काठावर. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर ताब्यात येऊ देत नाही, असं दोन्हीकडून असतं. दातांसाठी गेले आणि हे वेळेत कळलं. रोज संध्याकाळी चाळीस मिनिटं चालते आता. ॲलर्जीच्या गोळीचंही फिजिशियनला विचारून घेतलं, लागेल तेव्हाच घेते.

उपचार चार बैठकांत, दर वेळी तोंडाचा एक भाग: 2, 9, 16 आणि 23 डिसेंबर. प्रत्येकी 400 रुपये. पहिल्या दिवशी संमतीपत्र दिलं, मराठीत होतं, वाचून सही केली. भुलीचं इंजेक्शन टोचतं तेवढंच. मग आत हत्यार खरवडल्याचा आवाज कवटीत ऐकू येतो, दुखत नाही. शिकणारी डॉक्टर प्रत्येक टप्प्यावर सरांना बोलावून दाखवायची, म्हणून एकेक बैठक दीड तास चालली. ते तपासणं मला आश्वासक वाटलं. मशिनने दात झिजतात, हलायला लागतात असं शेजारणींनी भरवलं होतं. मॅडमनी सांगितलं, दगडी थर निघाला की आधीच सुटलेला दात सुटलेला जाणवतो, मशिन त्याला सुटा करत नाही.

पुढचे काही दिवस सोपे नव्हते. भूल उतरेपर्यंत खायचं नाही, नाहीतर गाल चावला जातो. सूज उतरल्यावर दातांमध्ये फटी दिसायला लागल्या, त्या पाहून मी घाबरले होते. थंड पाणी दोन आठवडे झिणझिणायचं. संवेदनशील दातांची पेस्ट लावून ते कमी झालं. क्लोरहेक्सिडीनच्या 0.2 टक्क्याच्या गुळण्या दिल्या होत्या, दहा मिली, दिवसातून दोनदा, फक्त दोन आठवडे. पेस्टनंतर लगेच घेतल्या तर त्यांचा गुण कमी होतो, म्हणून अर्ध्या तासाने. त्यांनी चव जाते, जीभ आणि दात तपकिरी होतात, चहाने आणखी. ते डाग नंतर पुसून देतात. मनाने महिनोन्‌महिने चालू ठेवायचं औषध नाही ते.

मार्गशीर्षातले गुरुवार मध्येच आले. या वेळी उपवास केला, पण दर तासाला घोट घोट पाणी प्यायले आणि जीभ दोनदा साफ केली.

घरी रोजचं काय बदललं? ब्रश मऊ, हिरडीच्या कडेला तिरका धरून, दोन मिनिटं, घाई नाही. रात्री दातांच्या फटींतला छोटा बाटलीब्रश, त्याचं माप डॉक्टरांनी दातांत घालून ठरवून दिलं. माझ्या मागच्या दाढांना जाड लागतो, पुढे बारीक. मापाशिवाय दुकानातून उचलू नका. जिभली पूर्वी मी जिभेच्या टोकालाच लावायचे, आता मागून पुढे, हलक्या हाताने. उबळ येते, श्वास सोडत ओढलं की कमी येते. पहिले आठ दिवस फटींतून रक्त आलं. पूर्वीची मी असते तर थांबले असते. नवव्या-दहाव्या दिवशी ब्रश पांढरा निघाला. बेसिनपाशी उभी राहून तो बराच वेळ बघत होते.

14 जानेवारी 2025, पुन्हा संक्रांत. बहीण आली. मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हटलं, “जवळ ये आणि खरं सांग.” तिने नाक अगदी जवळ आणलं. “तिळाचा येतोय,” म्हणाली. दोघी रडलो.

17 फेब्रुवारीला परत मोजणी. बहुतेक आकडे तीन-चारवर आले होते. त्याच उजव्या दाढांपाशी एके ठिकाणी सहा. हिरडी उघडून साफ करायची छोटी शस्त्रक्रिया लागू शकते म्हणाले, पण तीन महिने बघू असं ठरलं. हाड गेलं ते परत येत नाही, आहे ते टिकवायचं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी मला जरा खट्टू वाटलं. मला सगळे आकडे तीन हवे होते.

केस पेपर, एक्स-रे, तपासण्या, चार बैठका मिळून 2370 रुपये. गुळण्या, छोटे ब्रश, पेस्ट धरून तीन हजार दोनशेच्या आत. त्याआधी चुकीच्या वाटांवर चार हजारांच्या पुढे गेले होते. दर तीन महिन्यांनी सफाई आणि मोजणी आता कायमची आहे.

19 मे 2025 ला गेले तेव्हा त्या सहाच्या जागी पाच निघाला, शस्त्रक्रिया पुढे ढकलली. त्या दिवशी नोंदणीच्या रांगेत माझ्या मागे साधारण माझ्याच वयाची एक बाई होती, ओठांवर रुमाल. खिडकीवर तिने सांगितलं, “दात साफ करायचेत.” वर जाताना जिन्यात ती माझ्याशी बोलायला लागली, रुमाल काही काढेना. मी थांबले आणि विचारलं, “रक्त येतं का ब्रश करताना?” ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “हो, आणि तोंडाला…” पुढचं तिला बोलवेना. मी माझा केस पेपर उघडून पहिली ओळ तिला दाखवली. तिथे इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचून सांगितलं आणि म्हटलं, “आत गेल्यावर आधी हेच सांगा. त्या मुली मान वर करूनसुद्धा बघत नाहीत.”